न उघडलेला डबा

आप्पा, तुमच्या दहाव्या पुण्यतिथीला समाजाच्या मासिकात लेक म्हणून मी जो लेख लिहिला, त्यात एक चूक आहे. आधी ती दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारी डबी तुम्ही शोधून काढली. तुम्ही ती शोधून काढली नव्हती. नवापूरच्या एका पोल्ट्रीवर मोटार बसवायला गेलात, तिथल्या पाण्याच्या टाकीवर तशी डबी होती. ती पाहिलीत आणि घरी येऊन तशीच केलीत. फरक एवढाच की त्यांच्या डबीतून पाण्यात सोडलेल्या दोन सळया पितळी होत्या आणि आपल्याकडच्या खारट पाण्यात त्या लवकर खाल्ल्या जायच्या. तुम्ही त्यांच्या जागी टॉर्चच्या संपलेल्या सेलमधल्या काळ्या कांड्या लावल्या. कोणी कौतुक केलं की तुम्ही हात झटकायचात. "मन्हं नही शे ते. नवापूरमा दखेल शे." कांड्यांबद्दल तुम्ही स्वतःहून कधी बोलला नाहीत, आणि मीही लेखात त्या गाळल्या. जे तुमचं नव्हतं ते तुमच्या नावावर लावलं आणि जे तुमचं होतं ते सोडून दिलं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. मी आता शहाद्याला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि सध्या स्वतःवर इतकी चिडलेली आहे की माय म्हणते, "तू भांडी घासू नको, पोचे पडी ऱ्हायनात." हे पत्र तुमच्या मोटार-रिवाइंडिंगच्या टेबलावर बसून लिहितेय. टेबल अजून ओसरीतच आहे. वार्निशचा वास गेला, डाग आहेत.

याच टेबलावर माझी शाळा झाली. दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नाही. जिनिंग सुरू झालं की गावभर कापसाची धूळ उडायची आणि मी आत खोकत बसायचे. पाढे मी तारेच्या वेढ्यांवर शिकले, वाचन मोटारींच्या पाट्यांवर, आणि लिहायला शिकले ते तुमच्या चिठ्ठ्यांवर. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीला तुम्ही सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचात. अक्षर माझं, मजकूर तुमचा. पहिली ओळ ठरलेली: 'उघडून पाहिले.' मग दोष काय होता, मग आतलं काय जुनंच ठेवलं आणि काय नवं घातलं. एकदा एक मोटार आली, जळका वास दारापर्यंत येत होता. तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात मी शहाणपणाने चिठ्ठी लिहून ठेवली: 'उघडून पाहिले. वाइंडिंग जळाले.' तुम्ही ती वाचलीत.

"तू उघाडीसन दखं का?"

"वास येतोय ना, आप्पा."

"मंग लिख, 'वास लिधा'."

माय स्वयंपाकघरातून हसली होती. तुम्ही हसला नाहीत. मोटार उघडली तेव्हा वाइंडिंग चांगलं होतं, केबलचा जोड तेवढा जळला होता. ती चिठ्ठी तुम्ही फाडली नाहीत. टेबलाच्या खणात ठेवलीत. अजून तिथे आहे, आत्ताच पाहिली.

आता काय झालं ते सांगते. या वर्षी फेब्रुवारीत एका कंपनीचा विक्रेता आमच्या कॉलेजात आला. त्याच्याकडे व्हीआर गेमिंग हेडसेट होते. डोळ्यांवर बांधायचा डबा, आत मोबाइल बसवायचा, दोन भिंगांतून बघायचं; मान वळवली की आतलं जगही वळतं. पूर्वी ही वस्तू फार महाग होती, आता स्वस्त झाली. त्याच्या कागदावर 'क्रांती' हा शब्द इतक्या वेळा होता की मला राग आला. मी विचारलं, "यात नवीन काय आहे?" तो म्हणाला, "मॅडम, किंमत!" स्टाफरूममध्ये हशा पिकला. मी म्हटलं, "किंमत नवीन आहे. वस्तूचं विचारतेय." तो म्हणाला, "एकदा लावून तर बघा, डायनासोर अंगावर येतो." लावला. डायनासोर आला, आणि मग पोटातलं सगळं वर आलं. बेसिनपर्यंत मला दोघींनी धरून नेलं.

पण राग केवळ त्याचा नाही, आप्पा. मी खरंच विचार केला होता. दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवली की खोली भासते, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते आणि ते फार जुनं आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही मला चित्रांच्या डब्याला डोळे लावायला दिले होते. मी आत बघत होते आणि तुम्ही डबेवाल्याला मागची फळी काढून दाखवायला सांगत होतात. तो ओरडला, "पैसे बघायचे दिलेत भाऊ, उघडायचे नाही!" तेव्हापासून आजपर्यंत काय बदललं? चित्र हलतं, भिंग बरं आलं, कारखान्याने प्लास्टिक स्वस्तात ओतलं. एखादी वस्तू स्वस्त होणं चांगलंच आहे, पण म्हणून तिला शोध म्हणायचं? मग टोमॅटोचे भाव उतरले की तोही शोधच. हे मी स्टाफरूममध्ये बोलले आणि मला वाटलं, तुम्ही असतात तर मान डोलावली असती. तिथेच माझं बिघडलं. माझं मत झालं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

दोन आठवड्यांनी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी परीक्षक होते, 'नवीनता' हा रकाना माझ्याकडे. म्हसावदच्या एका अकरावीतल्या मुलीने टेबलावर पाटी लावली होती, 'स्वस्त व्हीआर गेमिंग हेडसेट'. पाटी वाचली आणि माझ्या तोंडाला पुन्हा ती आंबट चव आली. पुठ्ठ्याचा डबा, कडेला फोम, दोन भिंगं. ती म्हणाली, "मॅडम, डोळ्याला लावून बघा ना." मी म्हटलं, "वेळ नाही, बाळा." पुढच्या टेबलावर मात्र मी दहा मिनिटं थांबले. तिच्या कागदावर लिहिलं, 'बाजारात उपलब्ध वस्तूची स्वस्त नक्कल. नवीनता नाही.' खाली सही केली. ती जिल्ह्याला जाणाऱ्या यादीतून गळली. घरी येताना मला, खरं सांगते, बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मायचा मोबाइल ओट्यावरून पडला. दिसायचं सगळं, पण बोटाने काही हलेना. मी तो घेऊन म्हसावदला दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरमागे तीच मुलगी. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली. शेजारी तिचा मामा बसला होता, दुकान त्याचं. तिने त्याच्या कानात काही सांगितलं, आणि तो मोठ्याने म्हणाला, "हां! त्याच का ह्या? नक्कलवाल्या मॅडम? बठा, बठा. चहा लई ये वं मॅडमले."

मी बसले. काय करणार?

मुलीने मोबाइल पाहिला. "टच गेला मॅडम. नवीन डिस्प्ले टाकण्यात अर्थ नाही, एवढा जुना आहे. पण फेकू नका. मला द्या."

"तुला कशाला?"

"डब्यात घालायला."

तिने पायाजवळचं खोकं ओढलं. आत टच गेलेले मोबाइल भरले होते, लोकांनी टाकून दिलेले. ती एकेक काढून दाखवायला लागली आणि तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला. "डब्यात मोबाइल गेला की बोट लावताच येत नाही ना, मॅडम. मग टच असला काय, नसला काय. चित्र चांगलं पाहिजे आणि मान वळलेली कळायला पाहिजे. सगळ्यांत ते कळत नाही, ज्यांत कळतं ते मी वेगळे ठेवते. माउस जोडून एकदा गेम चालू करायचा. पुढे सगळं मानेने." डब्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "डबा माझा नाही. बघून केलाय. भिंगं विकतची. गेमचा साचा पण फुकटातला, त्यात मी बदल केले."

आप्पा, ती अगदी तुमच्यासारखं हात झटकून बोलली.

मग तिने तो डबा माझ्या पुढे धरला. मला बेसिन आठवलं. तरी लावला. मी ज्वारीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसले होते. पोपटांचा थवा डावीकडून आला. त्यांच्याकडे बघून होकारासारखी मान हलवली की गोफणीचा दगड सुटायचा. मला एकही पोपट उडवता आला नाही आणि मामा मागून म्हणत होता, "गई ना मॅडम ज्वारी! समदी खाई ग्यात!" पण मला चक्कर आली नाही. मी डबा काढून तेच पहिल्यांदा सांगितलं. मुलगी म्हणाली, "म्हणूनच माळा घेतला, मॅडम. आधी चालायचा गेम होता, तर मामी ओकायची. माळ्यावर माणूस एका जागी बसतो, फक्त मान फिरते."

मी जरा चिडूनच विचारलं, "हे सगळं तू प्रदर्शनाच्या कागदात का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं, मॅडम. दुसऱ्या पानावर."

मी दुसरं पान उलटलं नव्हतं.

निघताना मामाने खोक्याला पायाने ढकललं. "जिल्ह्याले गयी अस्ती तर ठेवतू. आते मे महिनामा भंगारवालाले देवानं शे. तिले बी सांगेल शे, डब्बा बंद, काउंटरवर बठ." तो वाईट माणूस नाही. त्याला वाटतं, शिकलेल्या बाईने पाहून सांगितलंय, म्हणजे त्यात काही नसेल. माझ्या सहीवर त्याने विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी समितीच्या प्रमुख सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते फाइलच्या दोऱ्या बांधत होते.

"राहू द्या मॅडम. निकाल लागला."

"फाइल अजून तुमच्या कपाटात आहे, सर."

"सोमवारी दुपारी नंदुरबारला जातेय. आता फोडली तर लोक काय म्हणतील? परीक्षकांनी न बघता शेरा मारला."

"तेच झालंय, सर."

"म्हणूनच म्हणतो, राहू द्या." मग जरा मायेने म्हणाले, "खेळणंच आहे ना ते? कॅन्सरचं औषध नाही."

मला याच वाक्याचा सगळ्यात जास्त त्रास होतोय, कारण ते मीही मनात म्हटलं होतं. खेळणंच आहे. पोपट उडवून कोणाचं पोट भरणार आहे? मी अजूनही त्या विक्रेत्याच्या कागदाला क्रांती म्हणणार नाही. स्वस्त झालं म्हणजे नवं झालं, असं मला आजही वाटत नाही. पण ही मुलगी स्वस्त करायला बसलीच नव्हती. तिच्यासमोर टाकलेले मोबाइल होते आणि ओकणारी मामी होती, आणि त्या दोघांमधून वाट काढताना तिच्या हातून जे झालं ते कोणत्याही कंपनीच्या डब्यात मी तरी पाहिलेलं नाही. हा मोठा शोध की छोटा, मला ठरवता येत नाही. तुम्ही सोप्या शब्दांत काही सांगून का गेला नाहीत? "नवं म्हणजे काय, आप्पा?" असं मी विचारलं की तुम्ही पकड पुढे करायचात आणि म्हणायचात, "हाई धर." मी चौदा वर्षं पकड धरली. एक व्याख्या दिली असतीत तर मला आज ही धडपड करावी लागली नसती, असा तुमच्यावरही राग येतो. मग कळतं की व्याख्या मी नीट पाठ केली असती, आणि दुसरं पान तरीही उलटलं नसतं.

रविवारी आखाजी आहे, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. मायने तुमच्या नावाची घागर कालच आणली, सांजोऱ्यांचा रवा भाजून ठेवला. घागरीवर ठेवायला डांगर हवं म्हणून मला दोनदा बाजारात पिटाळलं आणि दोन्ही वेळा माझं खरबूज कच्चं निघालं. "तुना बापले असं वाढशी का?" म्हणाली. तिला मी हे सगळं सांगितलं. ती घागरीला हळद-कुंकवाची बोटं ओढून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "मंग तू कसाले बठेल शे?"

मी का बसले आहे, ते सांगते. मला भीती वाटते. पुन्हा कोणी परीक्षक म्हणून बोलावणार नाही, याची नाही. माझ्याबद्दल सगळे म्हणतात ना, की ही बाई काना-मात्रासुद्धा तपासल्याशिवाय सोडत नाही. ते बोलणं जाईल, याची भीती. ते मला फार आवडतं, आप्पा.

शेरा मागे घेण्याचा अर्ज लिहून झालाय. चिठ्ठीसारखाच लिहिला. काय जुनं, काय विकतचं, काय तिचं. पहिल्या ओळीत मात्र 'उघडून पाहिले नव्हते' असं लिहावं लागलं. पुठ्ठ्यावर ही ओळ तुम्ही मला कधी लिहायला लावली नव्हती.

आणि वर मी 'चूक' म्हटलं, तेही खरं नाही. नवापूरला त्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते. पोल्ट्रीच्या वासाने खोकत होते, आणि तुम्ही टाकीजवळ उकिडवे बसून त्या डबीचं झाकण काढत होतात. लेख लिहिताना मला ते लख्ख आठवत होतं. मासिकालाही तसं पत्र लिहिलंय. हे पत्र खणात जाईल, त्या जुन्या चिठ्ठीशेजारी. अर्ज आणि मासिकाचं पत्र, ती दोन घेऊन मी सोमवारी, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला सरांचं कार्यालय उघडायच्या वेळी दारात उभी असेन.