चालत्या हृदयावरचे टाके

माय, काल तुझ्या भावाचं काळीज माझ्या हातात होतं. तू आधी विचारशील, हात धुतले होते का. धुतले होते.

मामा धाड गावाहून आला तो मीच ऑपरेशन करावं असा हट्ट धरून. घरच्या माणसावर आम्ही सहसा सुरी चालवत नाही, हात कचरतो. माझे सहकारी माझ्यापेक्षा हुशार आहेत, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, "मंग त्याइले बाजूले उभं ठेव. चिरशीन तू." हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत त्याच्या चुना साचलेला. हृदय थांबवून यंत्रावर घेणं धोक्याचं होतं. धडधड चालू ठेवूनच बायपासचे टाके घालायचे होते. हे ऐकून मामा हसला. "अन् ते उडलं तं?"

त्यासाठी स्टॅबिलायझर असतो, दोन बोटांची पट्टी. टाके घालायचे तेवढीच जागा ती धरून ठेवते, बाकीचं हृदय आपलं काम करत राहतं. मागची रक्तवाहिनी गाठायला मी हृदय उचललं आणि भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "सर, बीपी पडतंय." खाली ठेवलं. थांबलो. पुन्हा उचललं, भीतीपोटी पट्टी जास्तच दाबली, पुन्हा पडलं. माझ्या पाठीवरून घाम उतरला. मामा हातचा जातो की काय, असं वाटलं.

आणि तू दिसलीस. शाळेची घंटा झालीय, माझं बटण तुटलंय, आणि तू सदरा अंगावरच शिवते आहेस. अंगावर शिवू नये म्हणतात, म्हणून माझ्या दातांत गवताची काडी दिलीयस. मी शहाणपणानं श्वासच रोखून धरतो, तर तू पाठीत धपाटा घालतेस. "हालू नोको म्हनलं रे, श्वास तं घे!" बटणापुरतं कापड तुझ्या चिमटीत, बाकी मी मोकळा.

मी पट्टी सैल केली, जरा सरकवून बसवली, हृदय सावकाश कलतं केलं. बीपी टिकलं. टाके पडले.

आज मामानं चहा मागितला. मामी रडली, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. तुझ्या छातीत दुखलं तेव्हा आपण सगळ्यांनी पित्त म्हटलं. ओवा दिला, मामानंच धावत जाऊन सोडा आणला, आणि जीप मिळेपर्यंत तू गेलीस. मामा वाचला याचा आनंद आहे, खरंच आहे. पण तो चहा फुंकून पीत होता ना, तेव्हा मला त्याचा राग आला. याच्या जागी तू हवी होतीस, असं वाटलं. हे त्याला कधी सांगणार नाही. तुलाच सांगतोय, कारण हे पत्र कुठंच जाणार नाही.