तुटक्या शेपटीची घूस न मारण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी साहेब,
ग्रुप ग्रामपंचायत पिंपळटेंभ,
वांगणी स्टेशनच्या पूर्वेस, ता. अंबरनाथ, जि. ठाणे.

अर्जदार : हरिचंद्र गोमा सुरोशे, वय ६१, धंदा शेती व दूध, रा. पिंपळटेंभ.

विषय : ग्रामपंचायतीच्या गोदामाखालील घुशी मारून बिळे काँक्रीटने बुजवण्याचे दि. ३० चे काम थांबवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. २० ऑगस्ट २०२४ (घुशी मारण्याबाबत).
२) अर्जदाराचा अर्ज दि. ९ सप्टेंबर २०२४ (गोदामाखाली खणण्याबाबत).
३) आपले नकाराचे पत्र दि. १९ सप्टेंबर २०२४.

महोदय,

१. घुशी मारा म्हणून पहिला अर्ज अर्जदारानेच केला होता. मारू नका म्हणून हा अर्जही तोच करत आहे. म्हातारा चळला असे समजून साहेबांनी कागद बाजूला ठेवू नये. सोमवारी माणसे येणार आहेत, त्याआधी वाचावा.

२. अर्जदाराचा म्हशींचा गोठा आणि ग्रामपंचायतीचे गोदाम यांच्यामध्ये एक हात रुंद बोळ आहे. गोदामात अंगणवाडीच्या खाऊची जुनी पोती पडून आहेत. घुशी त्यावर पोसतात आणि गोठ्यात येऊन माती उकरतात. अर्जदाराची पत्नी अंजनी रोज सकाळी उकरलेल्या मातीचे ढीग पाटीत भरून बाहेर टाकायची. दोन वर्षे ती सांगत होती, "अहो, कोबा करून घ्या. घुशीने घर पोखरलं नि तुम्ही मिशीला पीळ देत बसलाय." अर्जदार म्हणायचा, कोब्यावर म्हशीचा पाय घसरतो. म्हशीचा पाय घसरतो हे खरे आहे. अंजनीचे पाय टाचेला फुटलेले होते, आणि ती अनवाणी शेण काढायची, हेही खरे आहे. अर्जदाराने म्हशीच्या पायाचा विचार केला.

३. जुलैच्या शेवटी तिला ताप आला, पोटऱ्या धरल्या. बदलापूरच्या डॉक्टरांनी विचारले, "घरात, गोठ्यात घुशी-उंदीर आहेत का?" दवाखान्यात ओळखीची चार माणसे बसली होती. अर्जदार म्हणाला, "छे, आमच्याकडे स्वच्छ असतं." अंजनीने त्याच्याकडे नुसते पाहिले. ती बोलली नाही, कारण नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडायची तिला सवय नव्हती. तीन दिवसांनी डोळे पिवळे झाले तेव्हा अर्जदाराने खरे सांगितले. मग लेप्टो निघाला, म्हणजे घुशी-उंदरांच्या मुतातून फुटलेल्या पायावाटे अंगात शिरणारा ताप. दि. २ ऑगस्ट रोजी ती वारली. तीन दिवस आधी कळले असते तर काय झाले असते, हे अर्जदाराने डॉक्टरांना विचारलेले नाही.

४. राख सावडल्यावर अस्थी घरात आणत नाहीत, हे साहेबांना माहीत आहे. मुलगा जितेश आनंदनगरच्या कंपनीत आहे. त्याला रविवारीच सुट्टी मिळणार होती, म्हणून नाशिकला दहाव्याच्या दिवशीच जायचे ठरले. तोपर्यंत अस्थी तिच्याच हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधून, मडक्यात घालून, गोठ्यातल्या खुंटीला सुतळीने टांगल्या. फडक्यावर तूप सोडले होते. तूप घुशीला आवडते, हे अर्जदाराच्या लक्षात यायला हवे होते. साठ वर्षे गोठ्यात काढलेल्या माणसाला ते कोणी शिकवायला नको.

५. रविवारी सकाळी गाडी दारात उभी होती, माणसे बसली होती. अर्जदार मडके आणायला गेला, तर सुतळी कुरतडलेली, मडके खाली फुटलेले आणि फडके बिळात ओढलेले. हाताच्या अंतरावर काठाचा तुकडा दिसत होता. ओढला तो तुटून हातात आला. अर्जदाराचा थोरला भाऊ बाळा मागे उभा होता. तो म्हणाला, "बंबाखालची राख भर दुसऱ्या मडक्यात नि चल. गंगेला काय कळतंय?" अर्जदाराने भरली. तिच्याच आंघोळीच्या पाण्याच्या बंबातली राख नाशिकला गुरुजींनी मंत्र म्हणून पाण्यात सोडायला लावली. जितेशने हात जोडलेला फोटो मोबाईलवर टाकला. पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. बायका म्हणाल्या, "नशीबवान होती हो, काही मागं ठेवलं नाही." अर्जदाराने त्यालाही हो म्हटले. खोटे बोलणे त्याला जमते.

६. परत आल्यावर अर्जदाराने घुशी मारायला घेतल्या. पहिला अर्ज केला, पण पंचायतीची वाट पाहिली नाही. दोन बिळे सोडून बाकीची काचा आणि दगड घालून बुजवली. एका तोंडाशी मिरच्यांची धुरी दिली आणि दुसऱ्या तोंडाशी कुदळ घेऊन बसला. कधी उकळते पाणी ओतले. घूस पोळली की माणसासारखी ओरडते. अर्जदाराला ते ऐकून बरे वाटले, हे तो लपवत नाही. एकूण अकरा मारल्या. प्रत्येकीचे पोट कोयत्याने फाडून बघितले, आत अंजनी आहे का म्हणून. भात निघाला, साबण निघाला, वायरीचा तुकडा निघाला. एकीच्या पोटात सहा पिल्ले होती. ती बाजूला काढून त्यांच्याखालीही बघितले. सातवीच्या पोटात नखाएवढा पांढरा तुकडा मिळाला, तो सोबत जोडला आहे.

७. मग गोदामाखाली तीन फूट खणू द्या असा दुसरा अर्ज केला. आपल्या पत्रात नकाराची कारणे दिली आहेत : गोदाम खचेल, घुशी पंचायतीच्या असल्याचा पुरावा नाही, आणि मयताच्या अस्थींचे विसर्जन झाल्याचे फोटो गावाने पाहिले आहेत. पहिल्या दोन कारणांवर अर्जदाराला बोलायचे नाही. तिसऱ्यासाठी वरील परिच्छेद ५ लिहून दिला आहे. तो लिहिल्याने भाऊ बाळा आजपासून अर्जदाराशी बोलणार नाही. साहेब ऑफिसात म्हणाले होते, "काका, तुमची बायको पंचायतीच्या मालमत्तेखाली आहे असं मी लेखी देऊ? उद्या अख्खं गाव कुदळी घेऊन येईल." सरपंच मालिनीताई हसल्या. नंतर त्यांनी चहा सांगितला. जितेश बाहेर उभा होता. तो म्हणाला, "बाबा, आता बास. कंपनीत पोरं मला घूसवाला म्हणतात." त्याचेही चूक नाही. त्याने आईला गंगेत सोडले आहे. त्याच्यापुरते ते खरे आहे, आणि हा अर्ज त्याला दाखवू नये ही विनंती.

८. आता मुख्य मुद्दा. खाली एक घूस उरली आहे, मोठी, शेपटी अर्धी तुटलेली. ती अर्जदाराच्याच कुदळीने तुटली. मागच्या मंगळवारी ती भर दुपारी बोळीतल्या मधल्या बिळातून बाहेर आली. तिच्या पायाला हिरवा दोरा गुंतलेला होता. अर्जदाराने कुदळ उचलली. आणि त्याच्या डोक्यात आले की, अंजनी कुठे ठेवली आहे हे जगात हिलाच ठाऊक आहे. हिला मारले तर सांगणारे कोणी राहणार नाही. कुदळ खाली ठेवली. तेव्हापासून तो त्या बिळाच्या तोंडाशी रोज भाकरी ठेवतो. ज्या जनावराने बायको मारली त्यालाच भाकरी घालतोस, असे गाव म्हणते. बायको मारण्यात त्या जनावराबरोबर अर्जदारही होता. त्यालाही गाव जेवायला घालतेच आहे.

९. तरी विनंती की, शक्य असल्यास गोदामाखाली खणू द्यावे. अर्जदार स्वतः हाताने खणेल, मजूर नको. शक्य नसल्यास विषाच्या वड्या टाकू नयेत, आणि बोळीतले मधले बीळ काँक्रीटने बुजवू नये. बाकीची खुशाल बुजवावीत.

१०. अर्जदार मेल्यावर त्याला जाळतील आणि राख सावडून मडक्यात भरतील. ते मडके नाशिकला नेऊ नये. त्याच गोठ्यात, त्याच खुंटीला टांगावे आणि फडक्यावर भरपूर तूप घालावे. जितेश हे ऐकणार नाही, म्हणून पंचायतीच्या दप्तरी नोंद करून ठेवत आहे. तोपर्यंत तुटक्या शेपटीची जगली नाही, तर तिच्या पिल्लांतली एखादी नेईल. त्यांना वाट माहीत असते. अर्जदाराला माहीत नाही.

आपल्या निर्णयाची सोमवारपर्यंत वाट पाहणारा,
आपला नम्र,
हरिचंद्र गोमा सुरोशे
पिंपळटेंभ, दि. २७ सप्टेंबर २०२४

सोबत :
१) कै. अंजनी हरिचंद्र सुरोशे यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) हिरव्या लुगड्याच्या काठाचा तुकडा.
३) पांढरा तुकडा एक, पुडीत. हाडाचा की गोदामाच्या चुन्याचा, हे अर्जदारास ठरवता आलेले नाही. हाडाचा नसल्यास कळवू नये.
४) सुतळी, दोन हात. ही फाईलला लावून ठेवावी. मडके टांगताना हीच वापरावी. नायलॉनची वापरू नये, ती घुशीला लवकर तुटत नाही.