उत्तराचं इंजिन

६ सप्टेंबर १९५३, रविवार. डोंबिवली.

इंजिन आणलं!

कल्याणच्या रेल्वे कॉलनीतला एक गोरा ड्रायव्हर गाशा गुंडाळून कायमचा विलायतेला चालला आहे. त्याच्या सामानाचा लिलाव होता. मी खुर्च्या बघायला गेलेलो. उत्तरा बरोबर होती. पलंगाखालच्या खोक्यात इंजिन दिसलं ते तिला. हिरवं, पितळी पट्ट्यांचं, हातभर लांब. नुसतं खेळणं नाही. बॉयलरमध्ये पाणी घालायचं, खालच्या दिव्यात स्पिरिट पेटवायचं, की खरी वाफ होते आणि इंजिन खऱ्या वाफेवर पळतं. शिट्टीसुद्धा वाफेची. सोबत वळणाचे रूळ.

उत्तराला नुकतं नववं लागलं. इंजिन तिच्यासाठीच घेतलं. दसऱ्याला ती स्वतः चालवणार, असा शब्द दिला. तोवर हात लावायचा नाही.

खुर्च्या राहिल्या. मंदाकिनी म्हणाली, आता पाहुणे आले की त्यांना इंजिनावर बसवा. मी काही बोललो नाही. म्हणजे थोडं बोललो. शेजारचे अण्णा काय झालं म्हणून दारात आले.

संकल्प: आजपासून रागवायचं नाही. मुळात मी रागवत नाहीच. मी मोठ्याने समजावतो. बायकोला आणि चाळीला यातला फरक कळत नाही, म्हणून संकल्प.

९ सप्टेंबर, बुधवार.

स्पिरिट मिळत नाही. दारूबंदी! पिणाऱ्यांनी प्यावं आणि भोगावं मी!

ऑफिस सुटल्यावर ठाण्यालाच टेंभी नाक्याकडे एका औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशाला हवं? म्हटलं, इंजिनाला. तो गालात हसला. म्हणाला, सगळे काही ना काही सांगतात, इंजिन मात्र आजच ऐकलं. मी त्याला शांतपणे समजावलं. समजावणं ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबली. त्यांत आमचा हेडक्लार्क होता.

१० सप्टेंबर, गुरुवार.

शिपाई सहदेव टेबलाशी फाईल ठेवताना कानाशी वाकला. म्हणाला, साहेब, कशाला दुकानदारांच्या नादी लागता, विठ्ठलवाडीला आपल्या ओळखीने सोय होते, माल चांगला असतो. मी त्याला दहा माणसांत झापला. मी पीत नाही, असं तीनदा ओरडून सांगितलं. आता सगळं ऑफिस माझ्याकडे कळवळून बघतं.

परमिटसाठी अर्ज केला. कारण: मुलीचं इंजिन. कारकुनाने अर्ज शेजारच्या टेबलावर वाचायला दिला. मूर्ख लेकाचे.

२० सप्टेंबर, रविवार.

रूळ मांडले. गोल मांडला तर तो बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चढतो. उंबरा थोडा तासून घ्यावा असं सुचवलं. मंदाकिनी नारळ खवत होती, ती खवणी हातात घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, लग्न झाल्यापासून रोज हळदकुंकू वाहते तो हाच उंबरा, आधी मला तासा. बायकांना इंजिनिअरिंग कळत नाही.

म्हणून लाईन गॅलरीत नेली. आमच्या दारापासून जिन्यापर्यंत. रूळ सगळे वळणाचेच, त्यामुळे एक डावीकडे, एक उजवीकडे असं नागमोडी जोडावं लागलं. मधे अण्णांची आरामखुर्ची. अण्णा रिटायर्ड पोस्टमास्तर. सकाळी चहा झाला की तिथे पाय पसरून बसतात ते जेवायच्या हाकेलाच उठतात. खुर्ची हलवा म्हटलं तर म्हणाले, खुर्ची आहे तिथेच राहील, पण गाडी आली की मी पाय वर घेईन. जमलं. रूळ खुर्चीखालून गेले.

उत्तराने लगेच खडूने भिंतीवर लिहिलं: अण्णा बोगदा. मी तिला पुसायला लावलं. नावं देणं हे ज्याच्या हातात कारभार आहे त्याचं काम. ती मुकाट्याने पुसत होती. अण्णा म्हणाले, राहू द्या हो, नाव चांगलं आहे. अण्णांचा स्वभाव अति मवाळ. असल्या माणसांमुळेच पोरं बिघडतात.

२७ सप्टेंबर, रविवार.

परमिटचं उत्तर नाही. सरकारवर अवलंबून राहणारा मी नव्हे. दिव्यात रॉकेल घातलं.

बेसुमार काजळी. इंजिन काळं, भिंत काळी, दोरीवर वाळत टाकलेलं मंदाकिनीचं पांढरं पातळ काळं. पातळ तिथे वाळत घालायची काय गरज होती, असं मी विचारलं. ती म्हणाली, गेली अकरा वर्षं तिथेच वाळतं. हे काही उत्तर झालं?

पाण्याला उकळी आली होती, एवढं नक्की. चाकही जरा हललं. उत्तरा म्हणते ते मी हलवलं. तिला नीट दिसलं नसेल, धूर होता.

३० सप्टेंबर, बुधवार.

संताप, संताप, संताप.

संध्याकाळी घरी येतो तो उत्तराच्या वर्गाच्या बाई बसलेल्या. चित्राबाई. मंदाकिनीचा हात हातात घेऊन हळू आवाजात काहीतरी चाललेलं. मला बघून उठल्या. मग कळलं. ‘माझे बाबा’ या विषयावर चार ओळी बोलायच्या होत्या. आमच्या कन्येने सांगितलं, माझे बाबा ऑफिस सुटल्यावर स्पिरिट शोधतात, मिळालं नाही की ओरडतात, आईने सगळं पातळ धुतलं.

मी बाईंना समजावायला बसलो. पण रॉकेलच्या धुराने माझे डोळे तीन दिवस लाल आहेत. जितकं समजावलं तितक्या त्या दाराकडे सरकल्या. जाताना उत्तराच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, शाळेत कधीही माझ्याकडे ये हं.

उत्तराला विचारलं, असं का बोललीस? म्हणाली, खरं तेच सांगायचं असतं ना? इंजिनाचं सांगितलं नाहीस का? म्हणाली, सांगणार होते, पण चारच ओळी होत्या.

संकल्प पुन्हा: रागवायचं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार.

अण्णांनी स्पिरिटची बाटली आणून दिली. त्यांना गुडघ्याला चोळायला डॉक्टरांनी लिहून दिलेलं. म्हणाले, गुडघा काही सुधारत नाही, पोरीची गाडी तरी चालू दे. मी घेतली. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, तुम्ही विचारलंच नाही, नुसते ओरडत होतात.

उत्तरा खाकी कागदाची टोपी करत बसली आहे. ड्रायव्हरची. पुस्तकांना कव्हर घालायचा कागद संपवला. सोडून दिलं. बघा, मी रागावलो नाही.

दसरा.

सगळा दिवस नासला.

सकाळी हत्यारांची पूजा. माझा टाक, मंदाकिनीची विळी, उत्तराची पाटी आणि पाटावर मधोमध इंजिन. झेंडूची माळ. पूजा मीच केली. हळद, कुंकू, अक्षता. यथासांग.

दुपारी सोनं द्यायला लोक आले. सगळी गॅलरी भरली. उत्तरा टोपी घालून रुळांशी उभी. मी म्हटलं, आधी मी एकदा चालवून दाखवतो, मग तू. पाणी घातलं, दिवा पेटवला, झकास निळी ज्योत. वाफ झाली. वाफेची चावी सोडली. फुस्. पुन्हा सोडली. फुस्. लोक आपट्याची पानं हातात घेऊन वाट बघत होते. त्यात कुणीतरी म्हणालं, इडल्या ठेवल्यात का?

मी मंदाकिनीला सर्वांसमोर चार शब्द सुनावले. सणाच्या दिवशी हे व्हायला नको होतं. तिनेच बोलायला लावलं.

लोक गेल्यावर उघडून पाहिलं. धुराड्यात अक्षता गेलेल्या. आत वाफेची नळी आहे, तिच्या तोंडावर शिजून मऊ भात झाला होता.

अक्षता मी वाहिल्या हे मान्य. पण एवढ्या बारीक तांदळाच्या अक्षता करायला कुणी सांगितलं होतं? देवकार्याला तांदूळ जाड नकोत का? मंदाकिनी पाटावरची विळी उचलून आत गेली.

उत्तराने विचारलं, मग माझी पाळी? म्हटलं, दसरा झाला, आता पुढे बघू. तिने टोपी घडी करून दप्तरात ठेवली.

२५ ऑक्टोबर, रविवार.

चाललं!!!

चावी सोडताच छुक् छुक् करत निघालं ते गॅलरीभर. मी बरोबर वाकून पळतोय. काय वेग! काय आवाज! हे सगळं कुणाच्याही मदतीशिवाय. अण्णांच्या खुर्चीपाशी आलं आणि अण्णा डुलक्या घेत होते. उत्तरा ओरडली, अण्णा, पाय! अण्णांनी पाय वर घेतले. गाडी खालून गेली. अण्णा टाळ्या वाजवत बसले.

उत्तराला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की सिग्नल मी द्यायचा असतो. तिने मधे ओरडायचं नाही.

दुसरी तिची एक सवय. सारखी म्हणते, बाबा, पाणी बघितलं का? बाबा, पाणी संपेल. खोक्याच्या झाकणावर चित्र आहे, बॉयलरमधलं पाणी आटलं आणि दिवा चालू राहिला तर काय होतं त्याचं. ते बघून घाबरली आहे. पहिल्या खेपेला दोनदा म्हणाली, दुसऱ्या खेपेला तीनदा. मी म्हटलं, पाण्याकडे लक्ष आहे माझं, पुन्हा या इंजिनापाशी पाणी हा शब्द काढायचा नाही! जरा मोठ्याने म्हटलं असेन. इंजिनाचा आवाज होता. अण्णा म्हणाले, इंजिन तर केव्हाच थांबलंय.

तिने पाळी मागितली. अजून ट्रायल पुरी व्हायची आहे. पुढच्या रविवारी नक्की.

१ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

आज मन मोठं केलं. सकाळीच जाहीर केलं: इंजिन आज उत्तरा चालवणार. अण्णा आले, पलीकडच्या खोलीतल्या सगुणाबाई पाट घेऊन आल्या, मंदाकिनी ओल्या हातांनी दारात उभी राहिली. मी पाणी घातलं, दिवा पेटवला, वाफ होऊ दिली. वरच्या झडपेतून जादा वाफ फुसफुसायला लागली. सगळं तयार. उत्तराला म्हटलं, ये, सोड चावी.

ती म्हणाली, नको बाबा.

म्हटलं, का?

म्हणाली, चुकलं तर तुम्ही रागवाल.

चाळीसमोर! स्वतःची पोर! मी विचारलं, मी रागवतो? मी? कधी रागावलो सांग! ती चावीपासून मागे सरकली. मंदाकिनीला विचारलं, तू सांग, मी रागवतो? ती आत बघायला लागली. अण्णांना विचारलं. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. ही कसली साक्ष! मग मी एकेक उदाहरण घेतलं. दुकानदार. सहदेव. पातळ. चित्राबाई. अक्षता. प्रत्येक वेळी दोष कुणाचा होता आणि मी किती सोसलं, ते मुद्देसूद सांगितलं. जिन्यावर खालची माणसंही आली. मी रागवत नाही, मी रागवत नाही, असं कठड्यावर मूठ आपटून सांगितलं. कठडा अजून हलतोय.

मधे केव्हातरी फुसफुस थांबली. मला वाटलं, माझं म्हणणं पटून सगळे शांत झाले.

उत्तरा एकदा इंजिनाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. दोन्ही ओठ घट्ट मिटून. डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं, माझ्या बोलण्याने तिला भरून आलं.

मग वास आला. बघतो तो धुराडं एका बाजूला कललं. बॉयलरच्या सांध्यातलं शिसं पाघळून टपटप फरशीवर पडत होतं. पितळी पट्टी सुटली. झाकण सुटलं. दिवा मात्र खाली झकास निळा जळत होता.

मी ओरडलो, तुला दिसत होतं ना? सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, तुम्हीच म्हणालात, तो शब्द काढायचा नाही.

सगुणाबाईंनी पाट उचलला. अण्णा उठले, आपल्या हाताने दिवा विझवला आणि पहिल्यांदाच स्वतःची खुर्ची उचलून आत घेऊन गेले.

संध्याकाळ.

इंजिन गार झालं आहे. वर्तमानपत्रावर सगळे तुकडे ठेवलेत. कारणं लिहायला बसलो होतो. एक, शिसं हलकं. दोन, झाकणावरचं चित्र अस्पष्ट. तीन सुचेना.

उत्तरा आली. डोक्यावर ती खाकी टोपी. घडीच्या खुणा पडलेल्या. तुकड्यांपासून लांबच बसली, हात मागे धरून. मग विचारलं, बाबा, आता हात लावू का?

मी हो म्हटलं. फार हळू म्हटलं असणार. तिने पुन्हा विचारलं.