चिंधू वल्द तानबा थूल प्यायलेला नव्हता

मी, आनंदाबाई बेवा अण्णाजी गावंडे, वय चौसष्ट पुरे, जात कुणबी, धंदा शेती, राहणार मौजा सावळधरा, तहसील आर्वी, जिल्हा वर्धा, आज मंगळवार ता. २१ जानेवारी १९५८ रोजी दोन प्रहरी माझ्या राहत्या घराच्या माजघरात बसून, स्वतःच्या हाताने माझ्या पश्चातची व्यवस्था लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. लिहू नये म्हणून धाक मात्र घातलेला आहे. तो कोणी घातला ते पुढे येईल.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते नेटाने लिहावे लागते, कारण माझे पुतणे पुंडलिकराव गेले दोन महिने गावभर सांगत आहेत की काकूची बुद्धी फिरली. तेव्हा पुरावा देते. गोठ्यातल्या गोऱ्ह्याला किती दात आले ते मी सांगू शकते, पुंडलिकराव सांगू शकणार नाहीत. गेल्या पोळ्याला कोणाची जोडी तोरणाखालून पहिली गेली आणि त्यावरून कोणी कोणाशी बोलणे टाकले, तेही मला पाठ आहे. चौथ्या इयत्तेपर्यंत मी आर्वीच्या शाळेत शिकले आहे. अक्षर वाकडे आले असेल तर ते बोटांच्या सांध्यांमुळे, बुद्धीमुळे नव्हे.

पुंडलिकराव कापसाच्या दोन बैलबंड्या घेऊन आर्वीला गेले आहेत. उद्या जेवणवेळेच्या सुमारास परत येतील. त्याच्या आत हे पुरे व्हायला हवे. माझी दौत त्यांनी दिवाळीतच उचलून नेली होती. आजची दौत आणि हे कागद कोठून आले ते मी लिहीत नाही आणि त्यांनीही विचारू नये.

कलम पहिले. माझे यजमान अण्णाजी आणि त्यांचे थोरले बंधू यांची वाटणी १९३८ साली झाली. यजमानांच्या वाट्याचे घर, शेत आणि जनावरे त्यांच्या मागे माझ्याकडे आली, पण तेव्हाच्या कायद्याने फक्त माझ्या हयातीपुरती. म्हणजे खायचे माझे आणि मालकी पुढच्याची. पुढचा म्हणजे पुंडलिकराव. सात वर्षे ते माझ्या मरणाची वाट पाहत होते आणि मी खोकले की तब्येत विचारायला येत होते. दोन वर्षांपूर्वी सरकारने नवा वारसा कायदा केला. आर्वीच्या वकिलांनी मला वाचून दाखवले की आता मी पुरी मालकीण आहे आणि माझे मी कोणालाही देऊ शकते. तेव्हापासून पुंडलिकराव तब्येत विचारत नाहीत, डॉक्टर आणण्याची भाषा करतात.

कलम दुसरे. राहते घर, गोठा आणि मागची परसबाग पुंडलिकरावांना द्यावी. ते रागीट आहेत, लोभी आहेत, पण घरातले आहेत, आणि अण्णाजींना शेवटचे पाणी त्यांनी पाजले हे मी विसरलेले नाही. अट एक. अंगणातले ज्वारी साठवायचे पेव दगडमातीने बुजवावे आणि पुन्हा कधी उकरू नये. पेव न बुजवल्यास घर माझी भाची नलू, राहणार सिंदी, हिला मिळेल. पुंडलिकराव आठ दिवसांत बुजवतील याची मला खात्री आहे.

कलम तिसरे. माझ्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ नलूला. तांब्या-पितळेची भांडी पुंडलिकरावांची पत्नी शोभाबाई हिला, आणि चांदीचा कमरपट्टाही तिलाच. तो तिने अंगावर घालावा, नवऱ्याच्या पेटीत ठेवू नये. दोन्ही गाई रूपराव यांना. ते आमचे बांधाशेजारी. त्यांच्या हातची वैरण गाई खातात, माझ्या हातची आताशा खात नाहीत.

कलम चौथे. शेत. खसरा नंबर ४१, सात एकर बारा डिसमल, काळी जमीन, पूर्वेस नाला, पश्चिमेस रूपरावांचे शेत, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस गावठाण. येथे अर्धे पान कोरे सोडते. हे शेत ज्यांना द्यायचे ठरवले आहे त्यांनी ते घ्यायला नकार दिला आहे. त्यांची एक अट आहे, ती पुरी झाली तरच येथे नाव पडेल. नाही पडले तर शेत आपोआप पुंडलिकरावांकडे जाईल, आणि मग मी हा कागद लिहिला काय आणि चुलीत घातला काय, सारखेच.

कलम पाचवे. ती अट कोणाची ते आता लिहिते. धुरपताबाई या आमच्याकडे अठरा वर्षे काम केलेल्या चिंधूच्या विधवा. गावाच्या खालच्या बाजूला राहतात. १९५६ च्या दसऱ्याला त्यांच्या सगळ्या वस्तीने नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरे ओढणे सोडले. तेव्हापासून गावाने त्यांना कामावर बोलावणे बंद केले आहे. या बंदीत पुंडलिकराव पुढे आहेत. स्वतःचा बैल मेला तेव्हा तीन दिवस वास सहन केला, पण पीळ सोडला नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी धुरपताबाईंच्या घरी गेले. त्या वस्तीत माझे पाऊल पहिल्यांदाच पडले. त्यांची मुलगी कमला एकोणीस वर्षांची आहे. नाचणगावची माणसे तिला पाहून गेली होती आणि नंतर निरोप आला की बाप दारूत मेला म्हणतात, त्या घरची मुलगी नको. हे मला कळले होते म्हणूनच मी गेले होते. मी म्हणाले, माझे शेत तुमच्या नावाने लिहून देते. धुरपताबाई जात्यावर बसल्या होत्या, त्यांनी खुंटा सोडला नाही.

"वावर काऊन देता, बाई?"

मी म्हणाले, चिंधूने अठरा वर्षे कष्ट केले म्हणून.

"कष्टाची मजुरी थे घेत गेलते. वावर नको मले. मानूस दारूत मेला नाई, हे लिवजा. तुमी कोनाले का सांगतलं होतं अन् खरं का होतं, थे लिवजा. मंग वावराचं पाहू."

मी उठून आले. दीड महिना माझे मलाच लिहिणे झाले नाही. शिसपेन्सिलीने तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. एकदा काळाला दोष दिला, एकदा देवाला, एकदा चिंधूच्या नशिबाला. मला मरणाची भीती वाटत नाही, या कलमाची वाटते.

कलम सहावे. कचेरीतल्या साहेबास कळावे म्हणून पेवाविषयी लिहिते. आमच्या अंगणात बारा हात खोल खड्डा आहे, आतून शेणामातीने लिंपलेला, तोंड माणूस उतरेल एवढेच. त्यात ज्वारी भरून वरून बुजवतात. आत वाफ कोंडते आणि ती विषारी असते. म्हणून रीत अशी की तोंड उघडल्यावर दिवसभर तसेच ठेवायचे, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तगला तर माणूस उतरतो. विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही, घरात लग्न असो की मयत. माझ्या सासूने मला ही रीत लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवली होती. मला माहीत नव्हते असे म्हणायला जागा नाही.

कलम सातवे. अण्णाजी १९४९ च्या भाद्रपदात वारले. तेराव्या दिवशी गाव जेवू घालायचे होते. पुंडलिकराव चार माणसांत ओट्यावर बसून म्हणाले, "काकूच्यानं का तेरवी होते! लोकाईले पानी तरी पाजंन का नाई कोन जाने." ते मला झोंबले. पंगत माझ्याच पेवातल्या ज्वारीवर उठवीन असे मी मनाशी धरले.

बाराव्या दिवशी सकाळी पेवाचे तोंड उघडले. तासाभरातच मी कंदील सोडायला लावला. तो निम्म्यावरही गेला नाही आणि विझला. मी पाहिला, चिंधूने पाहिला, दोर धरायला आलेल्या रूपरावांनी पाहिला. चिंधू म्हणाला, "बाई, कंदील इझला. आज नको, उद्या पाहू."

मी म्हणाले, "हवेनं इझला असंन. उद्या पंगत हाय अन् तू मुहूर्त पाहून राह्यला काय? उतर."

त्याने धोतर खोचले आणि दोर धरून खाली गेला. एक हाक आली, दुसरी आली नाही. दोर कमरेला बांधलेला नव्हता, त्यामुळे वर ओढायला काहीच हातात नव्हते. खाली जायला कोणी धजले नाही आणि मी कोणाला सांगितलेही नाही. दुपारनंतर घोंगड्यांनी वारा घालून, आकडा टाकून त्याला काढला तेव्हा तो कधीच संपला होता.

गावचे मुकद्दम पंच घेऊन आले. त्यांना मी म्हणाले, "सकाळपासून पिलेला होता. नको नको म्हनता उतरला." पंचनाम्यात तेच लिहिले गेले. चिंधू कधीही प्यायलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याने माझ्याच हातची ताकभाकर खाल्ली होती. मी खोटे बोलले, कारण नवरा गेलेल्या घरात पोलीस नको होते, आणि पुंडलिकरावांना हसायला मिळू नये असे वाटत होते. रूपराव त्या वेळी गप्प राहिले. मागून मला म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेरवी रूपरावांनी दिलेल्या दोन पोती ज्वारीवर झाली. म्हणजे त्या दिवशी पेव उघडले नसते तरी चालले असते.

हे कलम लिहून झाल्यावर मी धुरपताबाईंना परसदारी बोलावून घेतले आणि वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. मी वर त्यांच्या नवऱ्याचे नाव नुसते चिंधू असे लिहिले होते. त्यांनी बापाचे नाव घालायला सांगितले. मला ते माहीत नव्हते. अठरा वर्षे त्या माणसाने माझे शेत नांगरले आणि मी कधी विचारले नव्हते. धुरपताबाई म्हणाल्या, "तानबा." ते मी मथळ्यात सर्वांत वर लिहिले आहे. दुसरे असे की 'खाली गेला' यावर त्या म्हणाल्या, "गेला, का धाडला?" तेव्हा ते वाक्य असे वाचावे: कंदील विझलेला पाहूनही मी, आनंदाबाईने, चिंधू वल्द तानबा थूल यास पेवात धाडले.

एवढ्याने त्यांचे समाधान होईल असे मला वाटले होते. झाले नाही. "हे तुमी मेल्यावर लोक वाचतीन. तवा तुमाले कोन का म्हनन? माह्या पोरीनं नऊ वर्सं जितेपनी ऐकलं. तुमीही जितेपनी सांगजा, सगळ्याइच्या म्होरं." असे म्हणून त्या गेल्या. मी कागद पुढ्यात घेऊन दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. रागही आला. मग राग कोणाचा येतो आहे ते कळले आणि कागद मिटून ठेवला.

कलम आठवे. बुधवार ता. २२ जानेवारी रोजी लिहिलेले. आज सकाळी मी कोतवालाकरवी दवंडी देवविली आणि मारुतीच्या पाराजवळ गाव जमवले. धुरपताबाई आणि कमला वस्तीतल्या माणसांसह रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. प्रेमदास मास्तर शाळेची पोरे सोडून आले. मी कलम सहावे आणि सातवे वाचायला घेतले. आवाज लागला.

कंदिलापर्यंत आले होते तेव्हा पुंडलिकरावांच्या बंड्या आल्या. नेमक्या वेळेआधी. जुवाखाली बैल तसेच सोडून ते धावत पारावर आले आणि माझा दंड धरला. "काकू, घरात चाला. लोकहो, म्हातारीचं डोकं फिरलं हाय, मी सांगतलं होतं का नाई?" मी म्हणाले, हात सोड, मला पुढचे वाचायचे आहे. त्यांनी कागदाला हात घातला. कोपरा फाटला आहे, तो दिसेलच. मला त्या क्षणी फार भीती वाटली. कागद गेला असता तर पुन्हा लिहायचे बळ माझ्यात नव्हते.

तेवढ्यात रूपराव गर्दीतून पुढे आले. ते एरवी चारचौघांत बोलत नाहीत. म्हणाले, "बाईचं डोकं ठिकानावर हाय, पुंडलिकराव. कंदील इझला होता, म्या पाह्यलं. चिंधू पिलेला नवता. म्या नऊ वर्सं तोंड बंद ठेवलं, माह्यावर थुका." कोणी थुंकले नाही. पुंडलिकरावांचा हात सुटला. मी उरलेले वाचले, 'धाडले' हा शब्दही वाचला, आणि चिंधूचे नाव बापासकट तीन वेळा घेतले.

माफी मागायची म्हणून मी रस्ता ओलांडला. धुरपताबाईंनी मला बोलू दिले नाही. त्या कमलाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं न? आता नाचनगाववाल्याइले निरोप धाडू. बाप कसा मेला, थे सांगूनच धाडू." कमला रडत होती. मग धुरपताबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वावर लिवा."

म्हणून कलम चौथ्याच्या कोऱ्या जागेत आज सर्वांदेखत लिहिले: खसरा नंबर ४१ चे वर नमूद चतुःसीमेचे शेत, झाडेझुडपे व वहिवाटीसह, माझ्या मागे धुरपताबाई बेवा चिंधू वल्द तानबा थूल यांच्या पूर्ण मालकीचे होईल. यंदाच्या पेरणीपासून कसायलाही त्यांच्याकडेच राहील. यावर माझ्या कोणत्याही वारसाने हक्क सांगू नये.

हे वाचून पाहिले, बरोबर आहे, खाली सही करते.

ठिकाण: मारुतीचा पार, मौजा सावळधरा
तारीख: २२ जानेवारी १९५८

सही: आनंदाबाई बेवा अण्णाजी गावंडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर बाईंनी सही केली आणि ज्यांनी बाईंसमोर सही केली:

१. प्रेमदास वल्द श्रावण, शिक्षक, प्राथमिक शाळा, सावळधरा. मूळ राहणार नाचणगाव. (सही)

२. रूपराव वल्द हरिदास, शेतकरी, सावळधरा. सही करता येत नाही, डाव्या अंगठ्याची निशाणी. कलम सातवे सर्व खरे आहे. चिंधू वल्द तानबा आत गेला तेव्हा मी तेथे उभा होतो आणि मी त्याला अडवले नाही, हे माझ्या सांगण्यावरून मास्तरांनी लिहिले.