सफरचंदाच्या झाडांपर्यंत

१७ नोव्हेंबर
नाही म्हणजे नाही! जॅनेटला फोनवर स्पष्ट सांगितलं — तुझ्या बाबांना मी कुठल्याही शुश्रूषा केंद्रात ठेवणार नाही. ॲरिझोनाच्या उन्हात बसून लेक मला शिकवते! "आई, नर्सची गाडी दारापर्यंत यायला हवी. बर्फ कोण काढणार? बाबा?"

मी काढणार! पक्षाघातात रेइनोचा उजवा हात गेला, बोलणं गेलं, कधीमधी एखादाच शब्द फुटतो. ट्रॅक्टर तर आहे ना!

१९ नोव्हेंबर
बागेतला ट्रॅक्टर जॅनेटपेक्षा म्हातारा. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे बर्फ लोटायचं पातं लावायचं. रेइनोनं मला कधी हात लावू दिला नव्हता. आज चाकं बर्फावर घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या चढवताना बोटं सोलून निघाली. वजनासाठी मागे वाळूची पोती बांधली.

शेजारचा गॉर्डी बघायला हजर. "हेल्वी, हे खेळणं घेऊन निघालीस कुठे? माझ्या ट्रकनं पाच मिनिटांत काढून देतो." म्हटलं, तुझी कॉफी गार होतेय, घरी जा.

२४ नोव्हेंबर
पहिला मोठा बर्फ. चोक ओढला, शिव्या घातल्या — सुरू झाला! बर्फ दोन्ही कडांना सारला, रस्त्यापासून दारापर्यंतची वाट लख्ख. रेइनो खिडकीतून डावा हात हलवत ओरडत होता, "सफरचंद! सफरचंद!" घाईघाईनं कापून दिलं. त्यानं बशी भिरकावली. मग मला रडूच आलं.

९ डिसेंबर
रोज बर्फ. रोज मी. नर्स डेनिस म्हणाली, "या रस्त्यावर सगळ्यांत चांगली वाट तुमची." जॅनेटला मुद्दाम कळवलं.

१३ जानेवारी
कडेचे ढीग गोठून दगड झालेत. नवा बर्फ ढकलायला जागाच उरली नाही, वाट आवळत चाललीय. आज डेनिसची गाडी आत शिरेना. बिचारी चालत आली. "हेल्वी, पुढच्या खेपेला असं नाही जमायचं. आम्हाला परवानगी नाही."

गॉर्डीला बोलावलं. या वेळी तो हसला नाही. "आता माझ्या ट्रकलाही हे हलायचे नाहीत. अगं, पहिला बर्फ लांब न्यायचा असतो, पुढच्यासाठी जागा राहते. रेइनो पार सफरचंदाच्या झाडांपर्यंत ढकलायचा. आम्ही चेष्टा करायचो."

सफरचंद! तो मला सांगत होता! आणि मी बशी पुढे केली. गाढव कुठली!

१५ जानेवारी
गॉर्डीकडून पहार आणली. काल आणि आज ढीग फोडले, ढेकळं ट्रॅक्टरनं लोटत झाडांपर्यंत नेली. ट्रॅक्टर दोनदा रुतला, गॉर्डीनं धक्का दिला, तेवढीच मदत घेतली. कंबर मोडलीय. रेइनो खिडकीतून हलला नाही. शेवटचं ढेकूळ झाडापाशी पोचलं तेव्हा त्यानं डावी मूठ वर केली.

जॅनेटचा फोन. "आई, किती हट्ट करशील?"

म्हटलं, अजून पुष्कळ शिल्लक आहे!

१६ जानेवारी
डेनिस थेट दारापर्यंत आली. गाडी वळवून गेलीसुद्धा.

२ फेब्रुवारी
परवा पहाटे रेइनो गेला. आमच्याच पलंगावर, झोपेत. त्याला न्यायला आलेली गाडी दारापर्यंत आली.

आज पुन्हा बर्फ पडला. काल विमानानं आलेली जॅनेट पायरीवरून ओरडत होती, "आई, राहू दे गं! आता कोण यायचंय?"

कुणीच नाही. काढला!