नळावरचं कन्नड, दुकानातलं कन्नड

३ फेब्रुवारी, सोमवार
स्पीच थेरपिस्ट आज पहिल्यांदा घरी आली. रिया. कोळिकोडची, माझ्याहून लहान, कन्नड ती हॉस्टेलमध्ये शिकली म्हणे. अप्पांसमोर बसली आणि पहिला प्रश्न मलाच : "यांना किती भाषा येतात?" मी बोटं मोजायला लागले आणि अडकले. लग्नाला चार वर्षं झाली, सासऱ्यांना किती भाषा येतात हे मला नीट ठाऊकच नव्हतं.

जानेवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यापासून अप्पांचं बोलणं बंद आहे. कळतं सगळं. तोंडातून फक्त "हं", नाहीतर नुसतीच धडपड. रिया म्हणाली, सगळ्या भाषा एकदम नकोत, आधी एक धरू, कुठली ते महिनाअखेर घरच्यांनी ठरवा. नवरोबा शैलेश लगेच, "कन्नड." डॉक्टर, शेजारी, चिकपेटच्या बाजारातले मित्र, सगळे कन्नडच. शिवाय रियाला मराठी येत नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "मराठी." एवढंच. मग कुकरचं झाकण जरा जोरात लागलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी सा.बां.बरोबर अवरेकाळू सोलत बसले. (हे दाणे सोलायचे, भिजवायचे, मग एकेक दाबून परत सोलायचे. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?) रियासाठी माहिती हवी म्हणून विचारत गेले.

अप्पांचं कन्नड शाळेत आणि चामराजपेटच्या गल्लीत. तमिळ शेजारच्या घरात कॅरम खेळून खेळून. तेलुगू धर्मावरमच्या विणकरांशी साड्यांचा भाव करताना, त्यामुळे तेलुगूत त्यांना फक्त घासाघीस येते, गप्पा येत नाहीत. हिंदी हमालांकडून. इंग्लिश बँकेपुरतं.

"आणि मराठी?"
"मराठी काय शिकायची असते होय? ती घरात असते."

थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाल्या, "त्यांची आई गेल्यापासून ते माझ्या एकटीशीच मराठी बोलायचे. शैलेश मराठी ऐकतो आणि कन्नडात उत्तर देतो. आता यांचीही गेली तर मी कुणाशी बोलू?"
"मी आहे ना, आई."
"तुझी पुण्याची."

मग दोघी हसलो. पण मला लागलं जरा.

सा.बा. साताऱ्याहून लग्न होऊन आल्या तेव्हा कन्नडचा गंध नव्हता. सगळं नळावर शिकल्या. पहिलं वाक्य "नंदु मोदलु", माझा नंबर आधी. त्यांच्या कन्नडात अजून तोच ठसका आहे. भाजीवाला असो की बँकेचा मॅनेजर, सगळ्यांना "नीनु", म्हणजे आपलं तू. कुणी रागावत नाही, हे विशेष.

८ फेब्रुवारी, शनिवार
रिया कन्नड घेते तर मी संध्याकाळी मराठी घेऊन बघते, असं मीच ठरवलं. चित्रांची कार्डं. गाय : "गा..." पर्यंत आले. केळं : काही नाही. चावी : "हात."

हात! तरी पहिला स्पष्ट शब्द. "नाही अप्पा, चावी. चा-वी." परत "हात." तिसऱ्यांदाही "हात", आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच मतिमंद.

रियाला मेसेज केला, वस्तूंची गल्लत होतेय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज परत चावी, परत "हात". सा.बा. दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर सांगतात की. कशाला छळतेस?"

चावीला कन्नडात "बीगद कै". बीग म्हणजे कुलूप, कै म्हणजे हात. अप्पांच्या आईने त्याचं सरळ मराठी करून टाकलं, कुलपाचा हात. पुढे कुलूप गळलं, हात राहिला. "या घरात सगळे असंच म्हणतात. चार वर्षं ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. मी बाहेर निघाले की त्या विचारायच्या, "हात घेतलास का गं?" मला वाटायचं लाडाने काहीतरी म्हणतायत. मी "हो घेतला" म्हणून हात हलवून दाखवायची!! त्या काय समजत असतील देव जाणे.

म्हणजे अप्पा बरोबर, मास्तरीण नापास. रियाला सांगितलं, ती फोनवरच खो खो हसली. बाकीची "चुकीची" उत्तरं पण परत बघायला हवीत. परवा बादली दाखवली तेव्हा काय म्हणाले होते?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अप्पा बोलले!! अख्खं वाक्य!

सकाळी सा.बा. कॉफी घेऊन गेल्या. अप्पा खुर्चीत होते. त्यांना बघून ताठ बसले, चेहऱ्यावर हसू आणलं, आणि स्वच्छ : "बन्नी अक्का, कूत्कोळ्ळी. एनु तोरसली?"

या अक्का, बसा. काय दाखवू?

चिकपेटच्या साड्यांच्या दुकानात अख्खा जन्म ते हेच बोलले. दुकान कधीच विकलं, तोंडातलं कोण विकणार. मी टाळ्या पिटल्या. शैलेश मीटिंग सोडून धावत आला. आम्ही दोघं येड्यासारखे नाचतोय आणि सा.बा. पेला हातात धरून उभ्या. मग पेला ठेवला आणि आत गेल्या.

मागोमाग गेले. कट्टा पुसत होत्या, आधीच पुसलेला.
"इतक्या वर्षांनी अक्का झाले मी. गिऱ्हाईक."
शैलेश म्हणाला, "आई, ते आपोआप येतं गं, ते त्यांच्या हातात नाही." कधीकधी हा माणूस अगदी बरोबर आणि अगदी निरुपयोगी बोलतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
रिया सुट्टी असून आली. भयंकर खूश. म्हणे जे हजारदा बोललेलं असतं ते आधी येतं. नमस्कार-चमत्कार, आकडे, प्रार्थना.
"शिव्या?"
"शिव्या तर पहिल्या!"
अप्पा शिव्या देत नाहीत. वाईट वाटलं.

मग तिने सा.बां.ना म्हटलं, त्यांना कन्नडातच उत्तर देऊन बघा. सा.बा. नाइलाजाने पुढे झाल्या. अप्पांचं "बन्नी अक्का, कूत्कोळ्ळी" झालं. सा.बां.नी पेला पुढे केला : "नीनु मोदलु कुडी." तू आधी पी.

अप्पांचं तोंड! कुणी बाहेरच्या बाईने थोबाडीत मारावी तसं. सा.बा. पण चपापल्या. मराठीत त्या त्यांना अहो-जाहो, ते त्यांना तू. कन्नडात बरोबर उलटं झालं. ते या-बसा करतायत आणि या तू-तू. एका घरात राहून दोघं एकमेकांशी कन्नडात कधी बोललेच नव्हते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. त्यांचं दुकानातलं, यांचं नळावरचं. गाठच पडली नव्हती.

रात्री हे शैलेशला सांगितलं. त्यालाही कधी जाणवलं नव्हतं. त्याचं जन्मापासूनचं घर!

१९ फेब्रुवारी, बुधवार
शैलेशने निकाल दिला, कन्नड. येतंय ना, मग तेच पुढे न्यायचं. सा.बा. म्हणाल्या, "सरी." ठीक आहे, तेही कन्नडातच. वाद नाही, काही नाही. त्यापेक्षा कुकर आपटला असता तर बरं.

दोन दिवस बघतेय, अप्पांच्या खोलीत जात नाहीत. कॉफी माझ्या हाती, ताट माझ्या हाती. दुपारी विचारलंच.

"मला ओळखत नाहीत असं नाही गं. डोळ्यांत दिसतं. पण तोंड उघडलं की मी दुकानात आलेल्या दहा बायकांतली एक. त्यापेक्षा गप्प होते तेव्हा बरे होते." आणि रडल्या. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. जवळ जाऊन बसले. शैलेशचा राग आला, रियाचा आला, दोघांची काही चूक नसताना.

झोपताना विचार, माझी वाचा गेली तर आधी काय परत येईल? "हॅलो, माझा आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?" शैलेशला जन्मभर क्लाएंट व्हावं लागेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
नीट लिहायला हवं, नाहीतर मीच विसरेन.

दुपारी शैलेश औषधं आणायला गेलेला. मी अप्पांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. सा.बा. टॉवेल न्यायला आल्या. अप्पा लगेच ताठ. "बन्नी अक्का, कूत्कोळ्ळी. एनु तोरसली?"

सा.बा. वळल्या. मला वाटलं निघाल्या. तर पदर नीट केला आणि समोरच्या पलंगावर बसल्या, मांडी घालून, चिकपेटच्या गादीवर बायका बसतात तशा. म्हणाल्या, "सीरे तोरसी." साड्या दाखवा. तोरसी! नळावर हे आदराचं रूपच नाही. कुठून आणलं?

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. मांडीवरची शाल डाव्या हाताने ओढली आणि पसरायला लागले. अर्धी पसरली, अर्धी घसरली. मी उठले तर सा.बां.नी डोळ्यांनीच बसवलं. त्यांनी परत ओढली. काठावरून तळवा फिरवला, सुरकुती काढतात तसा. "नोडी," म्हणाले. बघा.

सा.बां.नी काठ चिमटीत धरून पाहिला. "येष्टु?" केवढ्याला?

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. ओठ हलत होते. मग एक शब्द आला, जड जिभेचा, आणि सा.बा. एकदम लाल झाल्या, तोंडाला पदर लावला, टॉवेल न घेताच निघून गेल्या.

मी मागे गेले. "काय म्हणाले?"
"ऐकलं नाहीस? 'वेडे' म्हणाले मला." हसू आवरत नव्हतं. "लग्नानंतर म्हणायचे. आईंच्या माघारी."

मला "बेडा" ऐकू आलं होतं. कन्नड. नको. भाव नको, की शाल नको, की हे नाटकच नको, काय ते नाही कळलं. शेवट "डे" होता का "डा"? आधी ब की व? चावीच्या बाबतीत माझे कान कसे निघाले ते माहीत आहे. पण या वेळी खरंच...

त्यांना टॉवेल नेऊन दिला, एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार
रियाला शनिवारचं सांगितलं. ती उडालीच. ठरलेल्या वाक्याबाहेरचा पहिला शब्द! कुठल्या भाषेत? हे फार महत्त्वाचं आहे, म्हणाली, मराठी असेल तर सगळं परत ठरवू. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, म्हणून सा.बां.ना तसंच परत बसायला सांगितलं.

"नाही," सा.बा. म्हणाल्या. "जे म्हणाले ते मला म्हणाले. तिला काय करायचंय?"

मी याचं भाषांतर जरा सौम्य केलं. मग रियाने मला विचारलं, तू होतीस ना, तुला काय ऐकू आलं? शैलेशही बघत होता. मी म्हटलं, नीट कळलं नाही. खोटं नाही ते. पूर्ण खरंही नाही.

रिया गेल्यावर सा.बां.नी स्वतः ताट वाढलं आणि स्वतः घेऊन गेल्या. दार लोटून घेतलं. आतून आधी "बन्नी अक्का" आलं. मग सा.बा. काहीतरी बोलल्या. मग अप्पांचा आवाज, हळू, एकाहून जास्त शब्द.

दाराशी गेले असते तर कुठली भाषा ते कळलं असतं. नाही गेले.