निधीचं बोलावणं

प्रिय श्रुतिका,

फोनवर मी तुला बोलू देत नाही, हे तुझं जुनं गाऱ्हाणं, म्हणून लिहितेय.

सुबोधला जाऊन आता तीन महिने होतील. तेराव्यापर्यंत तू रोज बोरिवलीहून घाटकोपरला डबा घेऊन आलीस, भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवलीस, आणि एक शब्द बोलली नाहीस. मला तुझा राग आला होता. शिवदासभाऊजी गेले तेव्हा तू हे सगळं भोगलंस. यावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो तुलाच. आणि तू आपली भांडी घासून निघून जायचीस.

मी मात्र भाऊजी गेले तेव्हा बोलून बोलून तुला पिडलं होतं. मत द्यायला मला काही माहीत असावं लागतं थोडंच. स्कूटर कधी चालवली नाही, पण मागे बसून सुबोधला ब्रेक कधी मारायचा ते सांगायचे. तुलाही तसंच सांगितलं. तू तेव्हा शेजारच्याच घरात राहायचीस, बोरिवलीला लेकीकडे गेली नव्हतीस. सोसायटीच्या हळदीकुंकवाला तू यायचंच, नवरा गेला म्हणून बाई संपत नाही, पहिलं कुंकू मी तुलाच लावणार. तू दारात उभी राहून म्हणालीस, "तुझा नवरा संध्याकाळी घरी येतो गं. तू नको बोलूस." मी कसली ऐकते. औषध द्यायला डॉक्टरला आधी टायफॉइड व्हावा लागतो का, असं विचारून तुझं तोंड बंद केलं. शेवटी तू आलीस. सगळ्यांदेखत मी तुला कुंकू लावलं, वाण दिलं, आणि पुढे महिनाभर मिरवलं. दुसऱ्या वर्षीपासून इमारतीतल्या इतर विधवाही यायला लागल्या. माझं मत चुकीचं नव्हतं, श्रुतिका. आजही नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरची निधी आली होती. नुकतीच लग्न होऊन आलेली पोर. रथसप्तमीला हळदीकुंकू आहे, काकी, तुम्ही यायचंच, म्हणाली, आणि मग माझीच वाक्यं मला ऐकवायला लागली. इमारतीत ती आता सगळ्यांना पाठ आहेत. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण मला तिचं मंगळसूत्र तेवढं दिसत होतं. तुझा नवरा संध्याकाळी घरी येतो, तू नको बोलूस, असं तिला सुनावलं आणि दार लावून घेतलं. बिचारी बाहेर बराच वेळ उभी होती.

आता मला अनुभव आहे. पोटभर आहे. आणि मत एकही उरलेलं नाही, भाजी कुठली आणायची याचंसुद्धा. वाटलं होतं, स्वतःवर आल्यावर तरी काही कळेल. काही कळत नाही गं. नुसतं भोगायचं असतं. दिवेलागणीला उठून बटण दाबायचंही होत नाही, अंधारात तशीच बसून राहते. जगायचं कशासाठी, हे मला कुणी सांगितलं तर त्याच्याशी वाद घालायचीही ताकद नाही, आणि मी वाद घालत नाही म्हणजे काय ते तुला कळेल.

रथसप्तमी पुढच्या रविवारी आहे. खाली जाववत नाही. आणि यंदा गेले नाही तर पुन्हा कधी कुठे जाईन असंही वाटत नाही. म्हणून एवढंच विचारायला लिहितेय. त्या दिवशी मी कुंकू लावलं तेव्हा तुला खरंच बरं वाटलं होतं, की मी हटून बसले म्हणून तू आलीस आणि घरी जाऊन पुसून टाकलंस? तेव्हा विचारायचं मला सुचलंच नाही. आता तुझ्या उत्तरावर मी जायचं की नाही ते ठरवणार आहे. पुसलं असशील तर तसंच लिही. माझी भीड धरू नकोस.

अजूनही तुझीच,
सुलक्षणा